सर्व्हेच्या आकड्यांवरून पगार ठरवताना

तीन महिन्यांत एकाच विभागातून चार राजीनामे आले, तेव्हा आमच्या कंपनीत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "आपण पगार ठरवतो तरी कशावरून?" विचारणारे आमचे मॅनेजिंग डायरेक्टर होते आणि त्या खोलीत एचआरकडून मी एकटीच होते. खरं होतं ते सांगितलं. नवा माणूस घेताना त्याचा आधीचा पगार विचारायचा, त्यावर काही टक्के चढवायचे. जुन्या माणसांना दर वर्षी जवळपास सरसकट इन्क्रिमेंट. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. त्यामुळे मागच्या ठिकाणी ज्याला कमी मिळत होतं, त्याला आमच्याकडेही कमीच मिळायचं आणि ते कमीपण त्याच्या मागेमागे निवृत्तीपर्यंत यायचं.

त्यांनी मला सहा महिने दिले आणि सॅलरी सर्व्हे, म्हणजे अनेक कंपन्यांतल्या पगारांचे एकत्रित आकडे, विकत घ्यायला बजेट मंजूर केलं. त्या सहा महिन्यांत काय काय केलं, कुठे अडले, ते इथे मांडते आहे. कोणाचाही खरा पगार सांगणं योग्य नाही, म्हणून उदाहरणांमध्ये रक्कम न देता १०० हा आधार धरला आहे.

काम सुरू झाल्याची बातमी पसरताच एक मॅनेजर वेबसाइटवरच्या पगारांचा प्रिंटआउट घेऊन आले. तिथे हुद्दा आणि पगार लोक स्वतःच भरतात. कोणी पडताळत नाही. कोणी बोनस धरतो, कोणी धरत नाही, कोणी तीन वर्षांपूर्वीचा आकडा टाकतो. मी तो कागद ठेवून घेतला, कारण आमची माणसं रात्री घरी बसून हेच आकडे बघतात हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्यावरून पगार ठरवणं मला पटत नव्हतं. विकत मिळणाऱ्या सर्व्हेत सहभागी कंपन्यांचा एचआर विभाग थेट पेरोलमधून माहिती भरतो, आणि हुद्द्याच्या नावाऐवजी कामाच्या वर्णनाशी जुळवून भरतो. सगळा फरक तिथे आहे.

दुसऱ्या एकाची सूचना होती, "स्पर्धक कंपनीतल्या एचआरला फोन करून विचारून टाका ना, सगळे ओळखीचेच आहेत." याला मी स्पष्ट नकार दिला. एकाच क्षेत्रातल्या मालकांनी आपसांत पगाराचे आकडे वाटून घेतले, की संगनमताने पगार दाबून ठेवायला वाट मोकळी होते, आणि अनेक देशांत ते स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. सर्व्हेचे आकडे त्रयस्थ संस्थेने गोळा केलेले, एकत्रित आणि थोडे जुने असतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये न्याय विभाग आणि फेडरल ट्रेड कमिशन यांनी आरोग्यसेवा क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती: सर्व्हे त्रयस्थाने करावा, आकडे तीन महिन्यांहून जुने असावेत, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच कंपन्या असाव्यात आणि कुठल्याही एकीचा वाटा २५ टक्क्यांच्या वर नसावा. पुढे इतर क्षेत्रांनीही तोच दंडक धरला. २०२३ मध्ये दोन्ही संस्थांनी ती तत्त्वं मागे घेतली, म्हणजे आता आकडे पाळून राहिलं की आपण सुरक्षित, असंही म्हणता येत नाही. आमच्या कंपनीत निदान फोनचा विषय त्या दिवशी कायमचा बंद झाला.

सर्व्हे निवडताना मी विक्री प्रतिनिधींना चारच गोष्टी विचारत गेले. सहभागी कंपन्यांची यादी दाखवा. त्यातल्या आमच्या आकाराच्या किती? आकडे कोणत्या तारखेचे? कामांची वर्णनं वाचायला मिळतील का? एका ठिकाणी यादी द्यायलाच टाळाटाळ झाली. तो सर्व्हे सोडून दिला. शेवटी दोन घेतले. एकच घेतला असता तर त्यातल्या सहभागींची जी ठेवण, तीच बाजारपेठ म्हणून मी मान्य करून बसले असते.

यानंतर आलं जॉब मॅचिंग, म्हणजे आपला प्रत्येक हुद्दा सर्व्हेतल्या कामाशी जुळवणं, आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ यातच गेला. प्रत्येक कामाचं एक पान सर्व्हेत असतं: काय करायचं, कोणाला रिपोर्ट करायचं, हाताखाली किती माणसं, निर्णयाची मुभा कुठवर. आपल्याकडचं काम त्या पानाशी साधारण ७० टक्के तरी जुळलं पाहिजे, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. पहिल्या आठवड्यात मी हे माझ्या टेबलावर बसून, आमच्या जुन्या जॉब डिस्क्रिप्शन समोर ठेवून करत होते. ५८ हुद्दे चार दिवसांत जुळवले. ही माझी चूक होती. ती लक्षात आणून दिली मेंटेनन्सच्या प्रमुखांनी.

मी त्यांच्या सुपरवायझरला "शिफ्ट सुपरवायझर, पातळी एक" असं जुळवलं होतं. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, हा माणूस शिफ्ट बघतच नाही. चला, दाखवतो." खाली शॉपफ्लोअरवर सुपरवायझरच्या खोलीत भिंतभर तक्ता होता: पुढच्या १४ आठवड्यांत कोणतं मशीन कोणत्या दिवशी थांबवायचं, कोणता सुटा भाग कधी मागवायचा, बाहेरचा कंत्राटदार कोणत्या तारखेला येणार. सगळं त्याच्या हातचं, पेन्सिलने खोडून खोडून लिहिलेलं. उत्पादनाचे प्रमुख मशीन कधी मोकळं मिळेल हे त्याला विचारायला येत होते. आमच्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये मात्र "शिफ्टमधील कामगारांवर देखरेख" एवढी एकच ओळ होती, आणि तीही कधी लिहिली कोणास ठाऊक. सर्व्हेत त्याचं खरं पान वेगळंच होतं, मेंटेनन्स प्लॅनरचं, दोन पातळ्या वरचं. दोन्ही पानांच्या मध्यकात, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या आकड्यात, २६ चा फरक होता.

मी वर आले आणि ५८ चे ५८ जुळवलेले हुद्दे पुसून टाकले. पुढचे पाच आठवडे प्रत्येक विभागात जाऊन, प्रमुखाबरोबर आणि शक्य तिथे ते काम करणाऱ्या माणसाबरोबर बसले. उलटंही सापडलं. "सीनियर मॅनेजर" असा हुद्दा असलेल्या दोघांच्या हाताखाली कोणीच नव्हतं आणि निर्णयही त्यांच्याकडे नव्हते. पगार वाढवता आला नाही त्या वर्षी हुद्दा वाढवून दिला होता, इतकंच. विभागप्रमुखांना आपल्या माणसाचं पान वरच्या पातळीचं असावं असं वाटतं, ते स्वाभाविक आहे. म्हणून मी एक नियम केला: पान ठरेपर्यंत आकडा कोणालाच दाखवायचा नाही, आणि मीही बघायचा नाही. आकडा दिसला की वाचणाऱ्याचं मन त्याच्याकडे झुकतं, आणि मग काम त्या आकड्याला जुळवलं जातं.

शेवटी ४६ हुद्दे नीट जुळले. १२ जुळलेच नाहीत. ते ओढूनताणून बसवले नाहीत. त्यांची सोय नंतर वेगळ्या रीतीने केली.

मग आकडे उघडले. पहिली गोष्ट म्हणजे सरासरीकडे बघायचं नाही, मध्यक बघायचा. दोनचार गलेलठ्ठ पगार सरासरीला वर ओढतात. मध्यकाला त्यांचा धक्का फारसा लागत नाही. पण सरासरीतही दोन जाती असतात, हे मला तेव्हा नव्याने कळलं. समजा एका मोठ्या कंपनीत एकाच कामावर २०० माणसं आहेत आणि प्रत्येकाला ९० मिळतात. बाकी चार कंपन्यांत पाच-पाच माणसं आहेत आणि त्यांना अनुक्रमे ११०, १२०, १३०, १४०. माणसांच्या हिशेबाने सरासरी निघते सुमारे ९३. कंपन्यांच्या हिशेबाने ११८. दोन्ही बरोबर. आमच्या एका हुद्द्याच्या बाबतीत नेमकं असंच होतं: एका मोठ्या सहभागीने आकडा खाली बसवून ठेवला होता. त्या कंपनीत आमची माणसं जात नव्हती आणि तिथून येतही नव्हती. तिथे मी कंपनीनिहाय आकडा घेतला आणि का घेतला ते शेजारच्या रकान्यात लिहून ठेवलं. असे निर्णय लिहून ठेवले नाहीत, तर पुढच्या वर्षी आपल्यालाच आठवत नाहीत.

दुसरी गफलत फायनान्सच्या बैठकीत होता होता राहिली. विक्री विभागासाठी आम्ही ७५ वा पर्सेंटाइल धरायचं ठरवलं होतं, म्हणजे बाजारात १०० पैकी ७५ जणांना जेवढं किंवा त्याहून कमी मिळतं तो टप्पा. फायनान्सच्या सरांनी स्थिर पगाराचा ७५ वा पर्सेंटाइल घेतला, इन्सेंटिव्हचा ७५ वा घेतला आणि दोन्हींची बेरीज केली. मी फळ्यावर पाच माणसं मांडली. स्थिर पगार १००, ९०, ८०, ७०, ६०. इन्सेंटिव्ह त्याच क्रमाने १०, २०, ३०, ४०, ५०. स्थिरचा ७५ वा पर्सेंटाइल ९०, इन्सेंटिव्हचा ४०, बेरीज १३०. प्रत्यक्षात पाचही जणांना एकूण ११०च मिळतात. १३० कोणालाच नाहीत. ज्याचा स्थिर पगार कमी, त्याचा इन्सेंटिव्ह अनेकदा जास्त असतो. म्हणून एकूण रकमेचा पर्सेंटाइल सर्व्हेत स्वतंत्र दिलेला असतो, तोच वापरायचा. सरांनी ते लगेच मान्य केलं आणि स्वतःची शीट स्वतः दुरुस्त केली. माझ्या दृष्टीने त्या सहा महिन्यांतला तो एक चांगला दिवस.

तारखेचा हिशेबही सोपा असून चुकतो. आमच्या सर्व्हेचे आकडे १ जानेवारीचे होते आणि आमचे नवे पगार लागू होणार होते १ जुलैपासून. बाजारात पगार वर्षाला ६ टक्क्यांनी सरकतायत असं धरलं, तर १ जुलैला १०० चे १०३ झालेले असतात. तेवढेच ठेवले तर पहिल्या दिवशी आपण बाजाराबरोबर आणि पुढचे सगळे महिने मागे. पगाराचं वर्ष संपतानाचा, म्हणजे पुढच्या ३० जूनचा १०९ चा आकडा धरला तर वर्षभर पुढे, पण खर्च झेपत नाही. आम्ही मधला मार्ग घेतला: १०६. पहिले सहा महिने थोडे पुढे, नंतरचे सहा थोडे मागे. कंपनीची ऐपत आणि माणसांवरचा अन्याय, दोन्ही तोलून मला हे रास्त वाटलं.

यानंतर आलेख. आडव्या अक्षावर आमच्या अंतर्गत मूल्यमापनात प्रत्येक हुद्द्याला मिळालेले गुण: ज्ञान, निर्णय, जबाबदारी, कामाची परिस्थिती. उभ्या अक्षावर बाजारातला मध्यक. ४६ ठिपक्यांमधून रेघ काढली. न जुळलेले ते १२ हुद्दे इथे उपयोगी लागले, कारण त्यांचे गुण आमच्याकडे होते. रेघेवर त्यांची जागा आपोआप सापडली. सायबर सुरक्षेचा ठिपका रेघेच्या खूप वर होता. त्यासाठी अख्खी श्रेणी, म्हणजे सारख्या गुणांच्या हुद्द्यांचा गट, वर न नेता वेगळा भत्ता ठेवला, दर वर्षी तपासून पाहायचा. तुटवडा आज आहे, उद्या ओसरेल. मूळ पगारात घातलेली वाढ मात्र परत निघत नाही.

प्रत्येक श्रेणीचा पट्टा त्या रेघेवरून आखला: मध्य १०० असेल तर खालचं टोक ८०, वरचं १२०. मग प्रत्येकाचा पगार त्याच्या पट्ट्याच्या मध्याने भागून पाहिला. याला कॉम्पा-रेशो म्हणतात. ३४० जणांची ती यादी एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावली आणि पहिल्या पानावरच थांबले.

४१ जण आपल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाच्याही खाली होते. त्यांतल्या बहुतेकांची नोकरी आठ-दहा वर्षांहून जास्त. ज्यांनी कधी राजीनाम्याचं पत्र पुढे केलं नाही, कधी दुसरीकडची ऑफर दाखवली नाही, ती ही माणसं. आणि स्त्रिया त्यांत कंपनीतल्या त्यांच्या प्रमाणाहून जास्त. ग्राहकसेवेतली एक टीम लीड नऊ वर्षांपासून आमच्याकडे आहे. तिचा आकडा होता ७६. तिनेच शिकवून तयार केलेला, दीड वर्षापूर्वी आलेला त्याच हुद्द्यावरचा सहकारी होता ९८ वर. त्याची काहीच चूक नव्हती. तो बाजारातून आला होता आणि बाजारभावाने आला होता. ती आत होती म्हणून मागे राहिली.

इथे सर्व्हेचीही एक मर्यादा उघडी पडली. ग्राहकसेवेची टीम लीड आणि माल रवाना करण्याचं नियोजन करणारा टीम लीड, दोघांचे अंतर्गत गुण जवळजवळ सारखे. बाजारातले मध्यक मात्र ११ ने वेगळे, आणि कमी मध्यक होता तो ग्राहकसेवेचा, जिथे बहुतांश स्त्रिया काम करतात. काय दिलं जातंय ते सर्व्हे सांगतो. काय द्यायला हवं, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नसतं. बाजार वर्षानुवर्षं एखाद्या कामाला कमी लेखत आला असेल, तर मध्यक तेच आपल्याला निर्मळ आकड्यासारखं परत देतो. मी दोन्ही कामं एकाच पट्ट्यात ठेवावीत असा आग्रह धरला. फायनान्सचं म्हणणं होतं, "बाजारात मिळतंय त्याहून जास्त का द्यायचं?" मी गुणांचे कागद पुढे ठेवले आणि एवढंच म्हटलं, की या दोघांना समोरासमोर बसवून फरक कसा समजावणार ते मला सांगा. दोन बैठका लागल्या. पट्टा एकच झाला.

४१ जणांना खालच्या टोकापर्यंत आणायचा खर्च एकूण पगारखर्चाच्या दीड टक्क्याहून कमी निघाला. ते एका टप्प्यात झालं. पट्ट्याच्या वर असलेले सात जण होते. त्यांचा एक पैसाही कापला नाही. पट्टा त्यांच्यापर्यंत येईपर्यंत मूळ पगार स्थिर आणि वाढ एकरकमी, असं ठरलं. आणि मुलाखतीत आधीचा पगार विचारणं आम्ही बंद केलं. युरोपीय संघाने २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशात मालकांना तो प्रश्न विचारायला मनाई केली आहे. आमच्यावर तशी सक्ती कोणाची नव्हती, पण आमच्या निम्म्या दुखण्याचं मूळ त्याच प्रश्नात होतं.

लोकांना सांगायचं काम मी मॅनेजरांवर सोडलं नाही, पहिल्या फेरीत प्रत्येक संभाषणाला त्यांच्याबरोबर बसले. त्या टीम लीडला पट्टा दाखवला, तिचा आधीचा ठिपका दाखवला, नवा दाखवला. वाढ ऐकून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे इतकी वर्षं मी इथे होते?" तिचं बोट जुन्या ठिपक्यावर होतं. मी हो म्हणाले. मागच्या वर्षांची भरपाई देता येणार नाही, हेही सांगितलं, कारण तिला ते माझ्याकडूनच कळायला हवं होतं. ती रागावली आणि तो राग रास्त होता. तीन दिवसांनी ती परत आली, पट्ट्यात वर जायला काय लागतं ते विचारायला. तेव्हा आमच्याकडे त्याचं लेखी उत्तर तयार नव्हतं. ते तयार करायला मला आणखी दोन महिने लागले; खरं तर ते आधी करायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी नवा सर्व्हे आला आणि एका हुद्द्याचा मध्यक चक्क ४ ने खाली आलेला. लगेच प्रश्न आला, "मग यंदा या लोकांना वाढ नको?" सहभागींची यादी ताडून पाहिली. जास्त पगार देणाऱ्या तीन कंपन्या या वेळी नव्हत्या, लहान सहा नव्याने आल्या होत्या. दोन्ही वर्षी हजर असलेल्या कंपन्यांपुरताच हिशेब मागवला, तर तोच मध्यक ५ ने वर. कोणाचाही पगार उतरला नव्हता. मोजली जाणारी माणसं बदलली होती.

त्या वर्षी आम्हीही सर्व्हेत सहभागी झालो. प्रश्नावली भरायला बसले आणि मेंटेनन्स सुपरवायझरच्या ओळीवर हात थांबला. हा आकडा आता दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीत, माझ्यासारख्याच कोणाच्यातरी टेबलावर मध्यक म्हणून जाणार होता. पान मला पाठ होतं. तरी मेंटेनन्सच्या प्रमुखांना फोन लावला आणि विचारलं, "सर, त्यांचं काम गेल्या वर्षभरात काही बदललंय का?"

"बदललंय तर," ते म्हणाले. "खाली या, दाखवतो."